वजनकाट्यावर दुसऱ्यांदा

बावीस पॉइंट नऊ, म्हणाली बर्नाडेट
आणि लिहूनही टाकलं.
मी म्हटलं, थांबा.
गेल्या खेपेला बावीस पॉइंट दोन होता.
तीन आठवड्यांत सातशे ग्रॅम?
आठवडाभर खोकत होता हा,
पोळीच्या कडा ताटात तशाच.

निनाद, खिसे दाखव.

त्याने आधी छताकडे पाहिलं.
मग एकेक करून टेबलावर मांडले
लिस्टर पार्कातले कॉंकर,
तपकिरी, तुकतुकीत,
घोड्याच्या डोळ्यांसारखे. सव्वीस.

चढ पुन्हा.
बावीस पॉइंट चार.

सासूबाई फोनवर म्हणतात,
पोराला सारखं काट्यावर उभं करू नये, नजर लागते.
मी बरं म्हणते.
ब्रॅडफर्डच्या या चढावर बस धापा टाकत येते,
दर तिसऱ्या गुरुवारी आम्ही उतरतो
आणि तो काट्यावर उभा राहतो.

डॉक्टर ओलुमिडे खुर्ची ओढून घेतात.
आज चौऱ्याण्णव. न्यायचं एकशे चौतीसवर.
म्हणजे चाळीस,
गुणिले वजन,
गुणिले शून्य पॉइंट चार.
त्यांचं यंत्र उघडेपर्यंत
माझं तोंडी होतं, नागपुरी पाढ्यांवर:
चाळिसाचे सोळा,
सोळा बावीस तीनशे बावन्न,
वर सहा.
तीनशे अठ्ठावन्न मिलिलिटर.

कॉंकर धरून किती झालं असतं?
निनाद विचारतो, माझ्याकडे न बघता.
तीनशे सहासष्ट.
आठच जास्त?
आठच.
खोकल्याच्या औषधाचा दीड चमचा.

एवढ्याने काही बिघडत नाही, डॉक्टर म्हणतात.
ते मलाही कळतं.
पण रक्त येताना लोखंड घेऊन येतं
आणि लोखंडाला परतीची वाट ठाऊक नसते.
आठ मिलिलिटरचं म्हणजे टाचणीचं टोक.
वर्षाला सतरा टोकं.
रोज रात्री पाण्यात गोळी विरघळवताना
मी चमचा ढवळत तीच मोजते.

आई शेजारून मापटंभर तांदूळ उसने आणायची,
फेडताना शीग लावून द्यायची.
सपाट माप परत केलं
तर घराची अब्रू जाते, म्हणायची.
इथे शीग चालत नाही.
आणि फेडू कोणाला?
पिशवीवर नाव नसतं,
नुसता एक लांबलचक आकडा,
तो बर्नाडेट मनगटावरच्या पट्टीशी
दोनदा जुळवते.

पहिली पिशवी दोनशे चौऱ्याहत्तर.
दुसरीतले चौऱ्याऐंशी, मग पंप थांबेल.
उरलेलं डब्यात.
उरलेलं बघायचं नाही असं मी ठरवलंय
आणि दर वेळी बघते.

दुपारी, तो झोपल्यावर,
शेजारच्या खुर्चीतली झुनैरा मला सांगते,
बारा वर्षांची, हातात सुई, दुसऱ्या हातात चिप्स:
आंटी, त्याला मीच सांगितलं होतं.
जास्त वजन, जास्त रक्त.
जास्त रक्त, जास्त दिवस.
त्याची व्हिटबीची सहल
पुढच्या गुरुवारीच येतेय ना.

मी त्या झोपलेल्या तोंडाकडे बघते.
सूत्र त्याला पाठ होतं.
फक्त आठ मिलिलिटरमध्ये
समुद्रापर्यंत जाता येत नाही
हे गणित त्याने केलं नव्हतं,
आणि मी ते त्याच्यासमोर मोठ्याने केलं.

सहलीचं विचारल्यावर
डॉक्टर कॅलेंडर सरकवतात.
मग मंगळवारी या. त्यात काय?
त्यात काही नव्हतं.
कोणी विचारलंच नव्हतं.

सव्वाचारला पंप वाजतो.
बर्नाडेट सुई काढते, कापूस दाबते,
झुनैराला सहा कॉंकर मिळतात,
वीस खिशात जातात.

बसथांब्यापर्यंत तो पुढे पळतो,
गाल हळूहळू रंग धरतायत,
खिसे खुळखुळतायत.
आता किती भरेल, मला माहीत नाही.